पेव्हर ब्लॉकवरचा हिमालय

बाबांच्या सायकलच्या टायरला नक्षी अशी उरलीच नव्हती. मधोमध गुळगुळीत काळा पट्टा, कडेला कुठेकुठे जुन्या रेघांच्या खुणा. त्या सायकलवरून ते भाईंदर पूर्वेला घरापासून स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यापर्यंत २६ वर्षं गेले आणि आले. पावसाळ्यातसुद्धा. एकदाही पडले नाहीत. मी ४८ हजारांची माउंटन बाइक घेतली, तिला वर साडेसहा हजारांचे खास टायर बसवले, आणि अकराव्या दिवशी, आमच्या बिल्डिंगपासून दीड किलोमीटरवर, ताशी जेमतेम पंधराच्या वेगाने वळताना आडवा झालो.

जूनमधला पहिला मोठा पाऊस नुकताच थांबला होता. डावीकडचं वळण, पेव्हर ब्लॉक, समोरून एक रिक्षा. मी ब्रेक दाबला आणि पुढचं चाक माझ्याखालून निघून गेलं. घसरलं असंही म्हणता येणार नाही, कारण घसरायला थोडा तरी वेळ लागतो. आत्ता होतं, आत्ता नाही. उजव्या मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड मोडलं. या हाडाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते सावकाश जुळतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. प्लास्टर. डाव्या हाताने कोड लिहायचा. ऑफिसातल्या चौघांबरोबर जुलैत स्पितीला सायकलवर जायचं ठरलं होतं, ते चौघे गेले. त्यांचे फोटो मी पलंगावर पडून, डाव्या अंगठ्याने लाइक केले.

टायर मी स्पितीसाठीच घेतले होते. म्हणजे घेताना तसं वाटत होतं. खरं सांगायचं तर टायर निवडताना मी तीन आठवडे व्हिडिओ बघितले आणि त्या सगळ्या व्हिडिओंत डोंगर होते. हिमाचलातल्या रेस, कॅनडातली ओली जंगलं, चिखल उडवत येणारा कुणीतरी. मॅक्सिसचा मिनियन, श्वाल्बेची मॅजिक मेरी ही नावं मला क्रिकेटपटूंसारखी पाठ झाली होती. मी शेवटी घेतले ते यातले नव्हते, पण त्याच जातीचे, उंच आणि विरळ ठोकळ्यांचे. दुकानात त्यांच्यावरून हात फिरवला तेव्हा मगरीच्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटलं. दुकानदार म्हणाला, "एकदम भारी ग्रिप आहे, सर."

इथेच गोची आहे. आपल्याकडे 'ग्रिप' हा शब्द टायरवरच्या नक्षीलाच लावतात. पंक्चरवाला सांगतो, "मागच्याची ग्रिप गेली." म्हणजे नक्षी झिजली. नक्षी आणि पकड या दोन गोष्टी एकाच शब्दात बसवल्यावर डोक्यातही त्या एकच होऊन बसतात. जितकी जास्त नक्षी तितकी जास्त पकड. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी घर्षण शिकलो होतो, पेपरात चांगले मार्कही मिळवले होते. दुकानात त्यातलं काही आठवलं नाही.

प्लास्टरच्या चौथ्या आठवड्यात बाबा माझ्या खोलीत आले. पडल्यापासून ते या विषयावर काही बोलले नव्हते. आई रोज बोलत होती ("आता ती सायकल विकून टाक, नाहीतर मी भंगारात देते"), त्यामुळे त्यांच्या वाट्याला फारसं उरतही नव्हतं. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पुढचं घसरलं की मागचं?"

मला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. डॉक्टरांनी कुठे दुखतं ते विचारलं होतं, मित्रांनी सायकलचं काय झालं ते.

"पुढचं."

"ब्रेक वळणात दाबलास?"

"हो."

"हवा किती होती?"

हे मला माहीत नव्हतं. दुकानात कॉम्प्रेसरने भरली होती तेवढी.

ते बाल्कनीत गेले. सायकल तिथेच उभी होती, हँडलवर अजून सुकलेला चिखल. त्यांनी पुढचा टायर अंगठ्याने दाबला. मग मागचा. "दगड झालाय याचा," म्हणाले.

बाबा बफिंगचं काम करायचे. बफ म्हणजे मोटरवर फिरणारं कापडाचं चाक, ज्यावर भांडं धरून चकाकी आणतात. कापडाचे थर घट्ट शिवले की बफ कडक होतो, सैल शिवले की मऊ. ते मला सांगायला लागले, आणि इतकं सलग ते माझ्याशी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. सपाट ताटाला कडक बफ चालतो. पण तांब्याचा गळा, पेल्याची कड, जिथे गोलाई आहे तिथे कडक बफ बसतच नाही, एका टोकावर टेकतो आणि उडतो. भांडं हातातून जातं. मऊ बफ गोलाईवर पसरतो. "जोर तोच असतो. टेकतं किती, ते बदलतं."

मग त्यांनी पेव्हर ब्लॉकच्या फटा दाखवल्यासारखी बोटं पसरली आणि माझ्या टायरचे उंच ठोकळे त्यावर ठेवून दाखवले. एवढा मोठा टायर, पण जमिनीला लागतात ती चारपाच बटणं.

मी नंतर हे सगळं वाचून काढलं. वडिलांनी सांगितलेलं इंटरनेटवर तपासून घ्यायची आमच्या पिढीची सवय. ते बरोबर होते, आणि त्यांना माहीत नव्हतं तेवढंही त्यांच्याच बाजूने निघालं.

डांबर, काँक्रीट, पेव्हर अशा कडक पृष्ठभागावर टायर धरून ठेवतं ते रबर. नक्षी नव्हे. रबर जमिनीच्या बारीक खडबडीतपणात शिरून बसतं आणि पकड त्यातून येते. उंच ठोकळे कडक जमिनीत रुतू शकत नाहीत, मग ते नुसते वाकतात, खोडरबर कागदावर घासताना वाकतं तसे. सायकल कलली की टायरचा मधला भाग सुटतो आणि कडेच्या ठोकळ्यांवर वजन जायला लागतं. माझ्या टायरमध्ये या दोन रांगांच्या मधे चांगली बोटभर मोकळी जागा होती. चिखलात ती जागा कामाची असते. ओल्या पेव्हरवर, वळणात, ब्रेक दाबलेला असताना त्या मोकळ्या जागेवरून जाणं म्हणजे दोन पायऱ्यांच्या मधे पाय टाकणं.

आणि पाणी? गाडीच्या टायरच्या खाचा पाणी बाहेर ढकलतात, नाहीतर गाडी पाण्यावर तरंगते, हे खरं आहे. सायकलचं तसं नाही. नासाने १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सूत्र काढलं होतं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं, पीएसआयमध्ये, वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला १०.३५ने गुणायचं. टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग मैलांत मिळतो. सायकलमध्ये ४० पीएसआय धरा, उत्तर येतं ताशी साधारण १०५ किलोमीटर. शिवाय सायकलचा टायर अरुंद आणि गोल, पाणी आपोआप बाजूला होतं. थोडक्यात, बाबांचा गुळगुळीत टायर पावसात तरंगण्यासाठी त्यांना राष्ट्रीय महामार्गावर ट्रकला ओव्हरटेक करावं लागलं असतं.

पहिल्या पावसाचं मात्र वेगळं. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं ऑइल आणि धूळ पाण्यात कालवली जाते, तो लेप धुऊन जाईपर्यंत रस्ता निसरडाच असतो. "पहिले दोन दिवस मी चालत जायचो," बाबा म्हणाले. २६ वर्षांचा अपघातमुक्त रेकॉर्ड असा होता तर.

प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली आणि मी एक बिनकामाचं काम केलं. माझा नेहमीचा रस्ता आहे घरापासून पश्चिमेला जाऊन मुर्धा, राई, मोरवा या गावांवरून डोंगरी, उत्तन आणि पुढे चौकपर्यंत. (चौकला धारावीचा किल्ला आहे. मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही, पण फोटो टाकला की हमखास कुणीतरी विचारतं.) जाऊन-येऊन बावीसेक किलोमीटर. हा रस्ता मी रविवारी पहाटे, बाबांना रिक्षात शेजारी बसवून, अर्ध्या ठिकाणी उतरत, एक्सेल शीटमध्ये उतरवला. कुठे काय आहे, किती लांब, ओलं असताना काय होत असेल.

काँक्रीट आणि डांबर १७ किलोमीटर. पेव्हर दोनच्या आसपास. कडेचा मुरूम आणि आत शिरणाऱ्या मातीच्या वाटा मिळून अडीच. मिठागरांच्या बाजूचा चिखल ४०० मीटर, तोही मी मुद्दाम तिकडे वळलो तर. वाळू त्याहून कमी. हिमालय ० किलोमीटर.

शीट पूर्ण झाल्यावर मी जरा वेळ तिच्याकडे बघत बसलो. भाईंदरमध्ये जन्मलो, इथेच वाढलो, इंजिनिअरिंगची चार वर्षं पुण्यात काढली ती सोडली तर इथून कधी हललो नाही, आणि तरी लोकांनी विचारलं की "बोरिवलीच्या पुढे" असं सांगतो. इथल्या जमिनीबद्दल मला काही माहिती असायला हवी असं कधी वाटलंच नव्हतं. स्पितीतल्या पाण्याच्या नाल्यांची खोली मला पाठ होती.

सायकलीच्या इतिहासात याच्या अगदी उलट घडलेलं आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतली काही पोरं माउंट टॅमलपायसच्या कच्च्या रस्त्यांवरून सायकली खाली सोडायची. ऑक्टोबर १९७६मध्ये त्यांनी एका उतारावर शर्यत लावली. तो उतार इतका तीव्र होता की मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं, खाली पोचल्यावर ते नव्याने भरायला लागायचं, म्हणून त्या वाटेचं नावच पडलं 'रीपॅक'. ते चालवायचे १९३० आणि ४०च्या दशकांतल्या जुन्या श्विन सायकली, कारण त्यांना जाडजूड फुगीर टायर बसायचे. श्विन कंपनीने ते १९३३मध्ये पेपर टाकणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या सायकलींसाठी बाजारात आणले होते. म्हणजे या लोकांना घरामागच्या डोंगरासाठी जे लागत होतं ते त्यांनी भंगारातून शोधून काढलं. ते टायर २६ इंची होते, म्हणून पुढे कित्येक वर्षं जगभरच्या माउंटन बाइक २६ इंचीच राहिल्या.

आता सगळे २९ इंची घेतात. माझीही तशीच. बाबांना हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण त्यांनी त्यांची सायकल दाखवून विचारलं, "ही २८ची आहे. एकच इंच मोठी ना तुझी?" मी मोजायला गेलो आणि तोंडावर आपटलो. सायकलच्या चाकांचे इंच हा एक ऐतिहासिक गोंधळ आहे. टायर रिमला जिथे बसतो तिथला व्यास माझ्या २९ इंचीचा ६२२ मिलिमीटर, आणि आपल्याकडच्या जुन्या काळ्या २८ इंची सायकलचा ६३५. २८ हे २९ पेक्षा मोठं आहे. बाबांनी हे आईला, शेजारच्या काकांना आणि फोनवर संगमेश्वरच्या आत्याला सांगितलं.

नवे टायर निवडायला मला एक संध्याकाळ लागली. अडीच किलोमीटर मुरूम आहे, म्हणजे अगदी गुळगुळीत चालणार नाही. डोंगरीकडच्या चढावर कडक जमिनीवर सुटे खडे असतात, ज्वारीच्या दाण्यांवरून चालल्यासारखं वाटतं. तिथे ठोकळ्यांच्या धारा खड्यांमधून खाली कडक जमिनीपर्यंत पोचाव्या लागतात. पण ठोकळे बुटके हवेत, म्हणजे डांबरावर वाकणार नाहीत. मधली रांग दाट, जवळजवळ सलग, कडेची ठळक, आणि दोघींच्या मधे छोटे ठोकळे, म्हणजे कलताना ती रिकामी पायरी येणार नाही. रुंदी सव्वादोन इंच. पुढच्याचं रबर मऊ, मागच्याचं जरा कडक. याचं कारण बाबांच्या पहिल्या प्रश्नातच होतं. मागचं चाक घसरलं तर सायकल शेपटी हलवते आणि बहुतेक वेळा सावरता येते. पुढचं घसरलं की माणूस जमिनीवर. म्हणून चांगला टायर पुढे. मागच्यावर वजन जास्त आणि पेडलचा जोरही त्यालाच, तो लवकर झिजतो, तर तो टिकाऊ असलेला बरा.

मऊ रबर लवकर झिजतं, हा त्याचा दोष. स्वस्त टायर कडक रबराचे असतात ते टिकावेत म्हणून, आणि उन्हात उभे राहून आणखी कडक होतात. माझी सायकल दुपारी तीननंतर पश्चिमेच्या बाल्कनीत तापत असते. आता तिच्यावर आईची जुनी चादर आहे. आईने ती स्वतःहून दिली, याची नोंद घ्यावी.

खरा फरक मात्र टायरपेक्षा हवेने पडला आणि त्याला पैसे लागत नाहीत. मी एक डिजिटल गेज घेतलं. दुकानातल्या कॉम्प्रेसरने भरलेले ते जुने टायर, दीड महिना पडून राहिल्यावरही, ५२ पीएसआय दाखवत होते. माझं वजन ७१ किलो. सव्वादोन इंची टायरला एवढी हवा म्हणजे बाबांचा कडक बफ. मी ४०पासून सुरुवात केली आणि दर रविवारी दोन-दोनने कमी करत गेलो. तेच वळण, तोच खडीचा चढ. ३४ला हाताला बसणारे हादरे कमी झाले. ३०ला मुरुमावर उभं राहून पेडल मारलं तरी मागचं चाक फिरकेनासं झालं. २६ला पुढचा टायर दगडावरून उडण्याऐवजी त्याला गिळून पुढे जायला लागला. मग हाव सुटली. २०ला राईच्या पुढे एका खड्ड्यात टायर रिमपर्यंत दबला आणि मधे ट्यूब चिमटली. दोन शेजारी-शेजारी भोकं, साप चावल्यासारखी. या पंक्चरला इंग्रजीतही सापाचाच दंश म्हणतात. पंक्चरवाल्याने पॅच लावले आणि मग पंपाने, मी नको नको म्हणत असताना, टायर पुन्हा दगड केला. "कमी हवेत टायर खराब होतो, भाई." त्याच्या धंद्यात हे खरंच आहे. तो दिवसभर ज्या सायकलींना हवा भरतो त्यांच्यावर मागे गॅसचा सिलिंडर किंवा पावाची पेटी असते.

आता पुढे २६, मागे ३०. ट्यूबलेस केलं, म्हणजे ट्यूब काढून आत सीलंट घातलं, तर आणखी खाली जाता येईल. अजून केलेलं नाही.

त्या मगरीच्या पाठीच्या टायरांवर मी अन्याय करू इच्छित नाही. विकण्याआधी एकदा, सप्टेंबरच्या शेवटी, मी ते पुन्हा चढवून मिठागरांच्या बाजूच्या चिखलात गेलो. काळी, चिकट, खाडीची माती. तिथे माझे नवे टायर दहा मीटरमध्ये भरून गेले होते, ठोकळ्यांच्या मधली सगळी जागा लिंपली जाऊन मेदूवड्यासारखे गुळगुळीत झाले होते. जुने मात्र सुसाट. विरळ ठोकळे चिखलात खोल जातात आणि वर येताना चिखल झटकून टाकतात, त्यासाठीच ते विरळ असतात. ते ४०० मीटर मी राजासारखा गेलो. एक बगळा उठून दुसऱ्या बांधावर बसला. मग डांबर लागलं आणि टायर मधमाश्यांसारखे गुणगुणायला लागले.

आणि शेवाळ. किल्ल्याकडच्या जुन्या दगडी पायऱ्यांवर, सावलीतल्या काँक्रीटवर, पावसाळ्यात हिरवट थर असतो. त्यावर मी मऊ रबर, कमी हवा, सगळं करून बघितलं. रबर आणि दगड यांच्यात तिसरीच वस्तू असेल तर रबराने कुणाला धरायचं? बाबा सायकल शिकले ते गावाला, जांभ्या दगडाच्या पाखाडीवर. मी त्यांना विचारलं, तिथे पावसात कसं जायचात?

"उतरून," ते म्हणाले. "त्यात काय."

कारखाना बंद झाल्यापासून बाबांनी सायकल काढली नव्हती. त्याबद्दल आम्ही घरात बोलत नाही. पार्किंगमध्ये ती खांबाला टेकून होती, टायर खाली बसलेले. मागच्या डिसेंबरात मी त्यांना न विचारता २८ × १½ चे नवे टायर आणि ट्यूब आणल्या, आणि व्हॉल्व्हच्या त्या छोट्या रबरी नळ्याही, ज्या माझ्या सायकलला लागत नाहीत. टायर आम्ही दोघांनी मिळून चढवले. माझं मनगट अजून एका कोनात वळवलं की दुखतं, त्यामुळे शेवटचा टायर रिममध्ये त्यांनी ढकलला. नव्या नक्षीवर त्यांनी हात फिरवला. "चार महिन्यांत जाईल ही," समाधानाने म्हणाले.

त्यांच्या व्हॉल्व्हला माझं गेज लागत नाही, म्हणून ते माझ्या टायरवर अंगठा दाबून आकडा सांगतात आणि मी गेज लावतो. पहिल्यांदा ते म्हणाले २४, निघाले ३१. आता एकदोनचा फरक पडतो.

या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर आम्ही दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. ते वळण आलं. मी आधीच वेग कमी केला, ब्रेक सोडले, सायकल फार न कलवता हळूच वळवली आणि पेव्हरकडे बघत राहिलो. मागून घंटी वाजली. बाबा उजवीकडून पुढे गेले, पाठ सरळ, एक हात हँडलवर, दुसऱ्याने रिक्षावाल्याला थांब म्हणत.